१९३७ : त्या वर्षाचे मृत्यू आणि त्या वर्षाची गाणी

२१ जुलै १९३७ रोजी सायंकाळी सहा वाजता बी.बी.सी.ची प्रक्षेपण केंद्रे दोन मिनिटे मुकी झाली. ब्रिटनच्या टपाल खात्याच्या बिनतारी केंद्रांनीही त्याच वेळी आपले काम थांबविले. कोठे यंत्र बिघडले नव्हते, की वीज गेली नव्हती. आदल्या दिवशी पहाटे रोममध्ये मार्कोनी निवर्तले होते आणि त्यांच्या अंत्यविधीची ती घटका होती. ज्या माणसाने आकाशाला बोलते केले, त्याच्यासाठी आकाश दोन मिनिटे गप्प राहिले. श्रोतेहो, नभोवाणीवर दोन मिनिटांची शांतता म्हणजे केवढी दीर्घ गोष्ट असते याची कल्पना ध्वनिक्षेपकासमोर बसल्याशिवाय यायची नाही. येथे बोलणारा दहा सेकंद अडखळला, तरी काचेपलीकडचा माणूस कावराबावरा होऊन हातवारे करू लागतो.

मार्कोनींच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, गिरिडीह येथे जगदीशचंद्र बसू गेले. १९०१ साली अटलांटिक महासागर ओलांडून आलेली बिनतारी खूण मार्कोनींनी ऐकली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ती खूण टिपणाऱ्या उपकरणातील पाऱ्याच्या संवाहकाची मूळ रचना बसूंची होती आणि त्यांनी ती १८९९ सालीच प्रसिद्ध केली होती, हे १९९८ साली प्रकाशित झालेल्या एका शोधनिबंधाने साधार दाखवून दिले. बसूंना स्वतःला पेटंटांचा सोस नव्हता. बिनतारी लहरींकडून ते पुढे वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. एका विद्येचे हे दोन पूर्वसूरी एकाच वर्षी गेले. त्या दोन मृत्यूंच्या मधल्या काळात गाणाऱ्यांच्या जगातही काही मृत्यू घडले, आणि आजच्या भाषणाचा खरा विषय तेच आहेत.

वर्ष हे तसे इतिहासकाराने आपल्या सोयीसाठी आखलेले कुंपण. मृत्यू काही दिनदर्शिका पाहून येत नाही. तरीही १९३७ हे वर्ष वेगळे काढून पाहावेसे मला वाटते. त्या वर्षी जे गायक-वादक-संगीतकार गेले, त्यांच्यातील बहुतेकांचा आवाज त्यांच्यामागे राहिला. आज आपल्याला यात नवल वाटत नाही. परंतु गळा गेला की गाणेही जाते, हा सृष्टीचा नियम त्यापूर्वी थोड्याच वर्षांपर्यंत अबाधित होता. आपल्याकडचेच उदाहरण घ्यावयाचे, तर भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. तीन घराण्यांची विद्या पचविलेला हा गवई, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांचा गुरू. पण त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. बुवांचे गाणे कसे होते, हे आपण शिष्यांच्या गाण्यावरून आणि जुन्या माणसांच्या आठवणींवरून ताडायचे.

याच्या उलट गौहरजान. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने एका खोलीत कर्णा मांडला आणि त्या कर्ण्यात ती गायिली. त्या काळच्या तबकड्यांच्या अखेरीस गाणारा आपले नाव उच्चारीत असे, कारण मेणावरील मूळ मुद्रण जर्मनीत हानोव्हरला जाऊन तेथे तबकड्या निघत, आणि कोणते गाणे कोणाचे हे तेथील कारागिरांना उमगावे कसे? गौहरजान १९३० साली म्हैसूरला गेली. तिचे नाव सांगणारा तिचाच आवाज मात्र राहिला. अशी ही नवी व्यवस्था होती, आणि १९३७ मध्ये ती जगाच्या दोन टोकांना पुरती रुळलेली दिसते.

मार्कोनींच्या आधी नऊ दिवस, ११ जुलैला, अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे जॉर्ज गर्श्विन वारला. वय अवघे अडतीस. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वाढलेला हा ज्यू निर्वासितांचा मुलगा. १९१९ मध्ये त्याचे ‘स्वॉनी’ हे गाणे देशभर गाजले. १९२४ मध्ये ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ या रचनेने त्याने नाटकगृहातले लोकप्रिय संगीत थेट सभागृहातल्या अभिजात मैफलीत नेऊन बसविले. १९३७ च्या फेब्रुवारीत एका कार्यक्रमात पियानो वाजविताना क्षणभर त्याचे भान हरपले आणि रबर जळल्याचा वास आल्याचा भास झाला. पुढे डोके दुखू लागले, हात चुकू लागले. डॉक्टरांनी तपासले आणि मनाचा ताण म्हणून सोडून दिले. मेंदूत गाठ आहे हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पण तो शुद्धीवर आला नाही. त्याच वर्षी त्याच्या चाली असलेला ‘शॅल वुई डान्स’ हा बोलपट लोक गर्दी करून पाहत होते. मागे त्याने एक अखेरची चाल ठेवली होती. तिचे शब्द लिहायचे राहिले होते, ते त्याच्या मृत्यूनंतर थोरला भाऊ आयरा याने लिहिले. आयरा हाच त्याचा नित्याचा गीतकार. भावाच्या शेवटच्या सुरावर शब्द बसविताना त्या माणसाची काय अवस्था झाली असेल, हे त्या गीताच्या आनंदी रूपावरून मुळीच कळत नाही. प्रेम येथे टिकण्यासाठीच आले आहे, अशा अर्थाचे ते गाणे आहे.

गर्श्विनची आठवण निघाली की फ्रान्सच्या मॉरिस राव्हेलची आठवण ओघानेच येते. १९२८ च्या मार्चमध्ये, राव्हेलच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, न्यूयॉर्कला दोघांची गाठ पडली. गर्श्विनने शिकविण्याची विनंती केली आणि राव्हेलने ती नाकारली. जो पहिल्या प्रतीचा गर्श्विन आहे, त्याने दुसऱ्या प्रतीचा राव्हेल का व्हावे, असे त्याचे म्हणणे असल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस राव्हेलचा ‘बोलेरो’ पॅरिसला प्रथम सादर झाला. एकच चाल पुन्हा पुन्हा, फक्त वाद्ये बदलत आणि नाद वाढत जाणारी ही रचना तबकडीवरून आणि नभोवाणीवरून इतकी पसरली, की पाश्चात्त्य संगीताचा गंध नसलेला मनुष्यही ती ओळखू लागला. पण १९३२-३३ पासून राव्हेलच्या मेंदूला काहीतरी ग्रासू लागले. शब्द सापडेनात, सही करणे जड जाऊ लागले. संगीत डोक्यात ऐकू येत होते, पण ते कागदावर उतरविता येत नव्हते. डिसेंबर १९३७ मध्ये पॅरिसला त्याच्याही मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. गाठ वगैरे काही सापडली नाही, आणि २८ तारखेला तो गेला. त्या वर्षी गेलेल्यांत मला सर्वांत दुःखद वाटतो तो हा माणूस. मरण्यापूर्वी पाच वर्षे तो आपल्याच संगीताबाहेर उभा होता, आणि त्याचे संगीत मात्र जगभर वाजत होते.

राव्हेलने आपल्या व्हायोलिनच्या सोनाटाच्या एका भागाला ‘ब्लूज’ असे नाव दिले होते. गर्श्विनच्या रचनांच्या मुळाशीही तीच गोष्ट. हे ब्लूज दोघांनी ज्यांच्याकडून घेतले ते अमेरिकेतील काळे लोक, आणि त्यांची सर्वश्रेष्ठ ब्लूज-गायिका बेसी स्मिथ त्याच वर्षाच्या २६ सप्टेंबरला मिसिसिपी राज्यात मोटार अपघातात मरण पावली.

ब्लूज हा काय प्रकार आहे, हे आपल्या श्रोत्यांना थोडक्यात सांगितले पाहिजे. कडवे तीन ओळींचे. पहिली ओळ गाऊन झाली की तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यावयाचे. विषय घरगुती : गेलेला नवरा, थकलेले भाडे, पूर, दारू, मरण. आणि सूर? त्यांच्या गांधाराकडे कान द्या. तो शुद्धही नाही आणि कोमलही नाही, त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी झुलत असतो. पियानोच्या पट्ट्यांत तो बसत नाही, म्हणून पियानोवाले दोन पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास निर्माण करतात. आपल्याकडे ज्यांनी श्रुतींचा विचार केला आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

बेसीची पहिली तबकडी १९२३ साली कोलंबिया कंपनीने काढली. सहा महिन्यांत तिच्या सात लाखांहून अधिक प्रती खपल्या असे सांगतात. तिला मिळाले ते प्रत्येक मुद्रणामागे ठरलेले पैसे. विक्रीत वाटा नाही. दहा वर्षांत तिने दीडशेच्या वर गाणी मुद्रित केली. मग मंदीचा काळ आला, तबकड्यांचा धंदा बसला, लोकांची आवड बदलली. १९३३ मध्ये तिचे शेवटचे मुद्रण झाले. तरी ती फिरत होती, गात होती. अपघात झाला तोही एका गावाहून दुसऱ्या गावी कार्यक्रमाला जाताना, रात्रीच्या अंधारात.

तिच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच एका संगीतविषयक नियतकालिकात असे छापून आले, की जखमी बेसीला गोऱ्यांच्या रुग्णालयाने दारातून परत पाठविले आणि त्या हेळसांडीत रक्तस्रावाने तिचा प्राण गेला. लिहिणाऱ्याने ती ऐकीव वार्ता म्हणूनच दिली होती. पण ती पसरली, आणि पुढे १९६० मध्ये तिच्यावर एडवर्ड अल्बी या नाटककाराचे नाटकही रंगभूमीवर आले. वस्तुस्थिती निराळी होती. तेथून योगायोगाने जाणाऱ्या एका डॉक्टरने रस्त्यातच तिच्यावर उपचार केले होते. तिला क्लार्क्सडेल येथील काळ्यांच्या रुग्णालयातच नेण्यात आले आणि तेथे ती मरण पावली. त्या काळी त्या प्रदेशात कोणताही रुग्णवाहक काळ्या बाईला गोऱ्यांच्या रुग्णालयात नेण्याचा विचारही करीत नसे.

इतिहास अभ्यासणाऱ्याने येथे थोडे थांबावे असे मला वाटते. खोटी कथा का रुजली? कारण ती त्या समाजाविषयी खोटी नव्हती. फक्त बेसीविषयी खोटी होती. दारातून हाकलणे ही दृश्य क्रूरता झाली. ज्या व्यवस्थेत हाकलण्याची वेळच येत नाही, कारण त्या दाराकडे कोणी वळतच नाही, ती क्रूरता नाटकात दाखविणे कठीण. ऐकीव कथेने त्या व्यवस्थेला नकळत सौम्यच करून टाकले, असे माझे मत आहे.

फिलाडेल्फियाला तिच्या अंत्ययात्रेस हजारो माणसे लोटली. पण तिच्या थडग्यावर दगड बसला नाही. तेहतीस वर्षे ती जागा बिननावाची राहिली. अखेर १९७० साली जॅनिस जॉप्लिन ही गोरी गायिका आणि पूर्वी बेसीच्या घरी काम केलेली एक स्त्री या दोघींनी खर्च सोसून तेथे शिळा उभारली. इतकी वर्षे तिच्या तबकड्या मात्र पुनःपुन्हा निघत होत्या व विकल्या जात होत्या.

आता आपण आपल्या घरी येऊ. बेसी गेली त्याला एक महिना पुरा होतो न होतो तोच, २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, मद्रासच्या दक्षिणेला चिंगलपुटाजवळच्या सिंगापेरुमाळ कोइल या लहानशा रेल्वे स्थानकावर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा अंत झाला. मद्रासचे जलसे आटोपून ते पाँडिचेरीस अरविंदाश्रमात गाण्यासाठी निघाले होते. गाडीत छातीत कळ येऊ लागली, म्हणून शिष्यांसह ते वाटेत उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. खाँसाहेबांनी नमाज पढली, आणि दरबारी कानड्याच्या सुरांत ईश्वराचे नाव घेत त्यांनी डोळे मिटले, असे त्यांच्या चरित्रात येते. पासष्टावे वर्ष पुरे व्हायला पंधरवडा उरला होता. त्यांचे शव मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले.

उत्तरेकडच्या कैराना गावात जन्मलेला, बडोद्याच्या दरबारी गायिलेला, मिरजेस घर केलेला आणि तामिळ मुलुखातील एका फलाटावर देह ठेवणारा हा गवई. त्याच्या या प्रवासात हिंदुस्थानच्या संगीताचा जवळजवळ सगळा नकाशा येतो. बडोद्यास ताराबाई माने यांच्याशी त्यांची जन्मगाठ पडली आणि दोघांनी ते शहर सोडले. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांची अपत्ये महाराष्ट्राच्या कानाला किती जवळची, हे सांगायला नको. १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश श्रुतींचे गणित मांडत होते, तेव्हा त्यांनी कसोटीला लावला तो खाँसाहेबांचाच गळा. म्हैसूरच्या दरबारात जाता-येता त्यांनी कर्नाटक पद्धती आदराने ऐकली, तिची सरगम उचलली, त्यागराजांची एक कृती तबकडीवरही गायिली. उत्तर हिंदुस्थानी गवयाने असे करणे त्या काळी फार दुर्मीळ होते. खाँसाहेबांचा एक कुत्राही धन्याबरोबर सूर लावीत असे, असे जुने लोक सांगतात. ग्रामोफोन कंपनीच्या चित्रातला कुत्रा धन्याचा आवाज निमूटपणे ऐकतो, त्याच्यापेक्षा हा एक पाऊल पुढे गेलेला म्हणावयाचा!

खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रण केले ते आयुष्यात मुख्यतः दोन वेळा. पहिल्यांदा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, कर्ण्यात तोंड घालून. दुसऱ्यांदा आयुष्याच्या उतरत्या काळात, ओडियन कंपनीसाठी, विजेच्या ध्वनिक्षेपकासमोर. या दोहोंमध्ये जो फरक आहे तो केवळ यंत्राचा नाही. कर्ण्याला मोठा, टोकदार, रेटून लावलेला आवाज हवा असे. विजेचे मुद्रण १९२५ नंतर रूढ झाले आणि ध्वनिक्षेपकाला कुजबुजही ऐकू येऊ लागली. खाँसाहेबांचा आवाज मुळात बारीक, किंचित नाकातला आणि रेशमासारखा सलग. त्या आवाजाला साजेसे यंत्र निघाले, तेव्हा त्यांचे वय साठीच्या आसपास पोहोचले होते. तरीही ते वेळेवर पोहोचले म्हणायचे. भैरवीतले ‘जमुना के तीर’ आणि झिंझोटीतले ‘पिया बिन नहीं आवत चैन’ या त्यांच्या ठुमऱ्या आज आपल्या कानांत आहेत, त्या या योगायोगामुळे.

पण या तबकडीचा हिशेब नीट मांडला पाहिजे. दहा इंची तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास चाले. ख्यालाचा एक विलंबित राग जो मनुष्य तास तासभर उलगडीत असे, त्याने तो तीन मिनिटांत कसा मांडावा? खाँसाहेबांनी मांडला, आणि तो इतका रेखीव की तेवढेच त्यांचे गाणे होते अशी पुढच्या पिढीची समजूत झाली. स्वराच्या पायऱ्या एकेक करून चढणारी, षड्जावरून निषादाला जाण्याची घाई न करणारी ती बढत तबकडीत मावली नाही. तिचे साक्षीदार संपले आणि तीही संपली. अल्लादिया खाँसाहेबांनी तर आपल्या गाण्याची तबकडी होऊच दिली नाही. ते १९४६ साली गेले, आणि त्यांचे गाणे केसरबाई व मोगूबाई यांच्या गळ्यांतून जे राहिले तेवढेच राहिले. कोणी शहाणपण केले? प्रामाणिकपणे सांगायचे, तर माझे मत अनेकदा बदलले आहे. अल्लादिया खाँसाहेबांची विद्या अर्धवट रूपात बाजारात गेली नाही, ही गोष्ट खरी. पण त्यांचा नुसता षड्ज कसा लागत असेल, हे जाणण्यासाठी मी तीन मिनिटेच काय, अर्धे मिनिटही आनंदाने पत्करीन.

गावोगावचे लोक १९३७ मध्ये काय गुणगुणत होते, तेही पाहू. त्याशिवाय या मृत्यूंचा काळ डोळ्यांपुढे उभा राहत नाही. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ आदल्या वर्षी डिसेंबरात लागला होता आणि वर्षभर त्याची गर्दी ओसरत नव्हती. विष्णुपंत पागनीसांच्या अभंगांनी देऊळ आणि चित्रगृह यांतले अंतरच पुसून टाकले. याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘प्रेसिडेंट’मधील ‘इक बंगला बने न्यारा’ हे सैगलचे गाणे ग्रामोफोन असलेल्या घराघरांत वाजत होते. खाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी याच सैगलने ‘देवदास’च्या हिंदी आवृत्तीत आपल्या पद्धतीने म्हटली होती. शास्त्रीय गवई आणि चित्रपटगायक यांच्यामध्ये आपण जी भिंत समजतो, ती त्या काळी निदान एका ठुमरीपुरती तरी उघडी होती.

आणि ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी काढलेला हा बोलपट. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावलेली तरुण मुलगी, आणि तिचा नकार. केशवराव भोळ्यांचे संगीत. पण प्रसंगांमागे वाजणारे पार्श्वसंगीत त्यात ठेवलेले नाही. ऐकू येतात ते त्या घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. शांता आपटे यांनी त्यात लाँगफेलोची एक इंग्रजी कविता गायिली आहे. मराठी बोलपटाची नायिका इंग्रजी कविता गाते, यावर त्या वेळी काही भुवया उंचावल्या असतील. पण पडद्यावर जी गाते तीच खरोखर गात आहे, ही बोलपटाच्या आरंभीची जुनी रीत तेथे अजून पाळलेली आहे. कलकत्त्यास १९३५ मध्येच नितीन बोस यांच्या बोलपटात पार्श्वगायन सुरू झाले होते. थोड्याच वर्षांत एकीचा चेहरा आणि दुसरीचा गळा ही सर्वत्र रीत झाली. १९४३ मध्ये ‘रामराज्य’साठी पडद्यामागून गाणाऱ्या सरस्वती राणे या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या. गाणाऱ्याचा मृत्यू आणि त्याचा आवाज यांची फारकत तबकडीने केली होती. बोलपटाने जिवंतपणीच देह आणि आवाज वेगळे काढले.

नभोवाणीचे म्हणाल, तर तिचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव तेव्हा एक वर्षाचे होते. लाहोरचे केंद्र १९३७ च्या डिसेंबरात सुरू झाले, मद्रासचे पुढच्या जूनमध्ये. म्हैसूरला मात्र एका प्राध्यापकाने १९३५ मध्येच खाजगी केंद्र काढून त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले होते, आणि तेच पुढे साऱ्या देशाने स्वीकारले. ज्या म्हैसूरला गौहरजानचा शेवट झाला आणि ज्या म्हैसूरच्या दरबारी करीम खाँ गात, त्याच नगरात हे नाव जन्मावे, हा योगायोग मला सुखावतो; त्यात याहून अधिक अर्थ शोधू नये.

मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी गायनसभा भरत आल्या आहेत आणि मोठमोठ्या गवयांनी तेथे हजेरी लावली आहे. त्यांपैकी एकाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. उत्तर कर्नाटकातील एका लहान मुलाने खाँसाहेबांची ‘पिया बिन’ ही तबकडी ऐकली. असे गाता आले पाहिजे या ध्यासाने तो घरातून पळाला. खिशात पैसे नसताना आगगाड्यांतून तो गुरूच्या शोधात विजापूर, पुणे, ग्वाल्हेर करीत थेट जालंदरपर्यंत भटकला. आणि ज्याच्या शोधात एवढी पायपीट केली, तो गुरू त्याला सापडला आपल्याच मुलुखात, धारवाडजवळ कुंदगोळला. ते रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँसाहेबांचे पट्टशिष्य. त्यांच्या घरी पाणी भरीत, पडेल ते काम करीत त्या मुलाने काही वर्षे तालीम घेतली. त्याचे नाव भीमसेन जोशी.